अकरा नंबरची अंबव्वा

"कात्री अशी धरलीस तर बिराजदार लगेच ओळखंल," अंबव्वा म्हणाली आणि तिनं माझ्या हातातून कात्री काढून घेतली. "हे बघ. तीन कच्. मग पान फिरवायचं, दम घ्यायचा. मग एक कच्. कर आता."

मी केलं. मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पानावर पत्र्याचं माप. तीन कच्. थांबले. एक कच्.

"घाई करालीस, पिल्ला. मी साठीची हाय. साठीचं काप."

तेलुगूत पिल्ला म्हणजे पोर. मी तेव्हा पंधराची होते, नववीत होते आणि स्वतःला पोर म्हणवून घ्यायची माझी अजिबात तयारी नव्हती. रागानं मी जोरात कात्री चालवली आणि पानाऐवजी माझ्या डाव्या अंगठ्यावर चालवली. तिरपी चीर पडली. रक्त बघून मी रडायला लागले तशी अंबव्वानं चिमूटभर विडीची तंबाखू चिरेत दाबली, वर चिंधी बांधली. आग आग झाली. ती मात्र हसत होती. "आता शिकलीस," म्हणाली. "ही खूण जायची न्हाई."

ही गोष्ट सोलापूरची, हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतली. सोळा नंबरची बिल्डिंग, पहिला मजला, एकच लांब गॅलरी. दहा नंबर आमचा, अकरा अंबव्वाचा, बारा बिराजदारांचा. मधल्या भिंती एका विटेच्या. कुणाचा स्टोव्ह पेटला, कुणाची फोडणी जळली, कुणाचं नवऱ्याशी बिनसलं, हे सांगायला कुणाला तोंड उघडावं लागत नसे. आम्ही पोरं डोळ्यांच्या आधी कानांनी शहाणी झालो. अंबव्वाचा नवरा मालय्या वर्षापूर्वी वारला होता आणि खोली अजून त्याच्याच नावावर होती. दिवसभर ती विड्या वळायची. तिच्या कात्रीचा आवाज आमच्या घरात घड्याळासारखा होता, चालू असला की कळायचाही नाही.

आता ती भिवंडीला लेकीकडे निघाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन तिकडं स्वस्तात होणार होतं.

पण बोर्डाचा एक नियम होता. खोलीला बरेच दिवस कुलूप दिसलं की ती रिकामी धरून सील करायची आणि दुसऱ्याला द्यायची. नऊ नंबर बिल्डिंगमधला एक जण गावाकडं बापाचं दुखणं काढायला गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या दाराला लाख लावलेली होती. त्याची भांडी खाली नळापाशी ढीग करून ठेवली होती. तो ढीग आम्ही सगळ्यांनी पाहिला होता.

"जावयाच्या घरात मला पाय पसरायला जागा न्हाई," अंबव्वा माझ्या आईला म्हणाली. "डोळे झाले की मी परत येते. खोली ऱ्हायली तर मी ऱ्हायले."

"तू बिनघोर जा की," आई म्हणाली. "आम्ही जागती ठेवतो खोली."

खोली जागती ठेवणं हा आमच्याकडचा वाक्प्रचार होता. म्हणजे दाराला कुलूप घालायचं नाही, नुसती कडी लावायची. दोरीवर लुगडं वाळत टाकायचं. संध्याकाळी दिवा लावायचा. कुणी विचारलं तर "आत्ताच नळावर गेली" किंवा "कारखान्यात विड्या द्यायला गेली" असं सांगायचं. खोटं बोलणं वेगळं आणि शेजारधर्म वेगळा, असं आमच्याकडं कुणी मानत नव्हतं.

अडचण एकच होती, बिराजदार. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. माणूस वाईट नव्हता, पण एका खोलीत सात जण आणि थोरल्याचं लग्न ठरलेलं. त्याला जागा हवी होती आणि तो ते लपवतही नसे. अंबव्वाची कात्री तो बारा वर्षं भिंतीतून ऐकत आला होता. ती थांबली की त्याचा अर्ज बोर्डात जाणार, हे सगळ्या गॅलरीला ठाऊक होतं. म्हणून मला कात्री शिकवली गेली.

शाळेतून आले की मी अकरात शिरायची. दार लोटून घ्यायची. तिची जुनी शाल अंगावर घ्यायची, दिवा लावायची, दोनदा खोकायची. तिचा खोकला असा होता की आधी एक कोरडा, मग घसा साफ केल्यासारखा एक. मग तासभर कात्री. पानं विडी कारखान्यानं टाकून दिलेली, आई मागून आणायची. खरं सांगते, मला मजा यायची. शाळेत नाटकात मला कधी कुणी घेतलं नव्हतं. इथं मी एकटीच नाटक करत होते आणि बघणारा पलीकडं भिंतीला कान लावून बसला होता. महिन्याभरात माझा हात असा बसला की आईसुद्धा म्हणाली, "अगं, ऐकताना मला वाटलं तीच आली."

एकदा नळावर बिराजदारांनी मला थांबवलं. "काय गं पमे, म्हातारी हल्ली दुपारचं पण बसालीय की कापायला. डोळं दिसत न्हाई म्हणती अन् काम बघ."

मी "हो" म्हणून कळशी उचलली. घरी आल्यावर आईला सांगितलं. दुपारी मी शाळेत असायची. आई चादरींच्या कारखान्यात घड्या घालायला जायची. वडील पहिल्या पाळीला. मग दुपारी अकरात कोण कापत होतं?

"त्याच्या कानात बसलंय ते," आई हसली. "बारा वर्षं ऐकतोय. झोपेत पण ऐकत असंल."

मला ते पटलं. म्हणजे मी ते पटवून घेतलं.

त्याच आठवड्यात दुसरं घडलं. संध्याकाळी मी आत कापत बसले होते. आईनं भिंतीवर थाप मारली, बिराजदारांना ऐकू जाईल अशा बेतानं, आणि ओरडली, "अंबव्वा, मीठ हाय का गं?"

"हाय की, ये," मी अंबव्वाच्या आवाजात म्हणाले.

आई वाटी घेऊन आली. मी मीठ घातलं. आई दारापर्यंत गेली, वळली आणि अगदी सहज म्हणाली, "अन् डोळ्याला बरं हाय का आता?"

"एकाला बरं हाय," मी म्हणाले.

आई माझ्याकडं बघत राहिली, मी आईकडं. तिच्या हातातली वाटी कलली आणि मीठ उंबऱ्यावर सांडलं. ते तसंच टाकून ती निघून गेली. त्या रात्री जेवताना आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही.

चार दिवसांनी भिवंडीहून पोस्टकार्ड आलं, आमच्या पत्त्यावर. लेकीनं लिहिलं होतं, एका डोळ्याचं झालं, आईला ताप आला, दुसऱ्याचं पुढं ढकललंय, अजून दोन-तीन महिने खोलीकडं लक्ष ठेवा. एकाला बरं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं ते कार्ड दोनदा वाचलं आणि डब्याखाली ठेवून दिलं.

मार्चमध्ये एकदा शाळा लवकर सुटली. एक वाजता घरी आले. ऊन असं होतं की गॅलरीत चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं लोटलेली. अकराला बाहेरून कडी होती, सकाळी मीच लावलेली. आणि आतून आवाज येत होता. तीन कच्. थांबणं. एक कच्.

मी बराच वेळ तिथं उभी राहिले. पायाला फरशी भाजत होती तरी हलता येईना. शेवटी कडी काढली. आत कुणी नव्हतं. सूप नेहमीच्या जागी होतं, फडकं ओलं होतं, कापलेल्या पानांची चळत नीट रचलेली होती. ती मीच आदल्या संध्याकाळी रचली असेल. नसेलही. मला आठवेना, आणि आठवत नाही याचीच मला जास्त भीती वाटली. काय करावं ते सुचेना म्हणून मी खाली बसले, सूप मांडीवर घेतलं आणि कापायला लागले. कापायला लागल्यावर भीती गेली. ते मला आजही नीट सांगता येत नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला खाली आरडाओरडा झाला. बोर्डाचा माणूस आला होता, रजिस्टर घेऊन. ज्या खोल्यांचे मूळ भाडेकरू वारले होते त्या वारसांच्या नावावर करायच्या होत्या. वारस समोर नसेल तर खोली सील.

आईनं मला अकरात ढकललं. "झोप. तोंडावरनं चादर घे." मग ती धावत खाली गेली, अंगणातल्या लिंबाची डहाळी तोडून आणली आणि दाराच्या कडीत खोचली. दाराला लिंब म्हटलं की आत कुणाला देवी आलेल्या असतात, कांजिण्यांनाही आमच्याकडं देवीच म्हणत, आणि तिथं कुणी पाय ठेवत नाही, बोर्डाचा माणूससुद्धा.

"मालय्या येमुल मयत. वारस बायको. कुठाय बाई?" दारातून आवाज आला.

"देवी आल्यात हो तिला. अंगभर," आई म्हणाली.

तो मागं सरकल्याचं चपलांवरून कळलं. "अंगठा तर लागतोय. तुम्ही घेऊन या. ही शाई, हे रजिस्टर."

आई आत आली. दार लोटलं. मी चादरीतून कुजबुजले, "तुझा दे की."

"माझा दहा नंबर खोलीच्या कार्डावर हाय. त्याच हापिसात. आण इकडं."

तिनं माझा डावा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. कागदावर 'अंबव्वा मालय्या येमुल' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझा अंगठा, मधून तिरपी पांढरी रेघ.

बाहेर तो माणूस बिराजदारांना विचारत होता, "तुम्ही शेजारी ना? साक्षीदार म्हणून सही लागेल. बाई इथंच राहतात ना?"

आता हा सांगणार, असं वाटलं.

"राहतात की," बिराजदार म्हणाले. "रोज कात्री ऐकतो मी." आणि त्यांनी सही केली. ते खोटं बोलले नव्हते. जे ऐकलं ते सांगितलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अंबव्वा परत आली. सात महिने झाले होते. तापात तिचे केस काढले होते, ते आता बोटभर वाढलेले. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. खाली पोरांनी तिला ओळखलंच नाही. मी जिना उतरून धावले तेव्हा तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जवळून बघितला. "पिल्ला! तुझ्या नाकावर तीळ हाय, मला बारा वर्षांत दिसला न्हाई."

मला रडू आलं. खोली राहिली होती, ती आली होती. आम्ही जिंकलो होतो असं मला वाटलं.

संध्याकाळी ती तिच्या जागी बसली. मी भिंतीला पाठ लावून वाट बघत होते. दोन कच्. थांबणं. एक. परत एक. तो आवाज चुकीचा होता. थोड्या वेळानं बिराजदार गॅलरीत आले आणि आईला हळूच म्हणाले, "आज कोण कापालंय आत? म्हातारीचा हात न्हाई हा."

"आजारातनं उठलीय," आई म्हणाली.

अंगठ्याचं अंबव्वाला सांगायचं का, यावर आमचं भांडण झालं. आई म्हणाली, "कशाला घाबरवायचं? खोलीचं कार्ड आलं की मिटलं. कार्ड काय, शेजाऱ्यांकडं पण देतात." शेवटी देवीचं आणि लिंबाचं तेवढं तिनं अंबव्वाला हसत सांगितलं, अंगठ्याचं नाही. तसं तर मला सांगायला धीरही नव्हता.

कार्डं आठवड्यानं आली, आणि शेजाऱ्यांकडं देत नव्हते. खाली लिंबाखाली टेबल मांडलं होतं. बोर्डाचे साहेब स्वतः आले होते, शेजारी तो रजिस्टरवाला. नाव पुकारायचं, अंगठा घ्यायचा, रजिस्टरमधल्याशी भिंगातून जुळवायचा, कार्ड द्यायचं.

आईनं अंबव्वाचा हात धरला. "आज जाऊ नको. बरं न्हाई म्हणून सांगते मी."

"का? सात महिने माझ्यासाठी तुम्ही एवढं केलासा. माझं कार्ड मी घेते की." ती नवं लुगडं नेसली होती.

तिनं अंगठा दिला. साहेबांनी भिंग लावलं. एकदा बघितलं, परत बघितलं.

"हा जुळत नाही. नोंदीत अंगठ्यावर चीर आहे तिरपी. तुमच्या नाही." त्यांनी मान वर केली. "तुम्ही अंबव्वा, तर हा अंगठा कुणाचा? खोटा अंगठा म्हणजे पोलीस केस आहे, बाई. दिला त्याच्यावर, घेतला त्याच्यावर आणि साक्षीदारावर. साक्षीदार कोण? बिराजदार?"

बिराजदारांचा चेहरा पांढरा पडला. सगळी बिल्डिंग खाली उभी होती.

अंबव्वानं चष्मा वर सरकवला. रजिस्टर डोळ्यांपाशी नेलं आणि त्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान वळवली आणि गर्दीतून मला शोधलं. माझा डावा अंगठा मी मुठीत दाबून धरला होता. तिनं ती मूठ पाहिली. आईकडं पाहिलं. मग रजिस्टर टेबलावर ठेवलं.

"बरोबर हाय साहेब," ती म्हणाली. "हा अंगठा अंबव्वाचाच हाय."

"मग तुम्ही कोण?"

"मी तिची भैन. भिवंडीची."

"आणि अंबव्वा?"

"मेली. देवी आल्या होत्या न्हवं तिला. त्यातच गेली. खोली बघू म्हणून मी आले, चुकलं माझं."

साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "खरंय हे? ही अंबव्वा नव्हे?"

कुणी बोललं नाही. ज्यानं त्यानं सात महिन्यांत कधी ना कधी सांगितलं होतं की अंबव्वा आत आहे, नळावर गेली आहे, झोपली आहे. आता ती बाहेरून आली असं कसं सांगणार? माझ्या जिभेवर शब्द आले होते. ती अंबव्वा आहे, अंगठा माझा आहे. इतकंच तर बोलायचं होतं. मी आईकडं पाहिलं. आईनं डोळे मिटून घेतले होते. मी बोलले नाही.

"न्हवं साहेब," बिराजदार शेवटी म्हणाले. "ही ती न्हवं."

तिला सामान घ्यायला अर्धा तास दिला. तिनं एक ट्रंक घेतली. सूप आणि कात्री तिथंच ठेवली. मी दारात उभी होते, तिच्या पाया पडायचं होतं, पण पायाला हात लावायची माझी लायकी नाही असं वाटलं. जाताना तिनं माझा हात उघडला, अंगठ्यावरची चीर नव्या डोळ्यांनी नीट बघितली.

"हात चांगला बसलाय तुझा, पिल्ला," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दुपारी दाराला लाख लागली. आईनं नंतर भिवंडीच्या पत्त्यावर तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला सगळे आपापल्या घरात होते. सील केलेल्या अकरातून कात्री सुरू झाली. तीन कच्. दम. एक कच्. साठीच्या बाईचा हात, एकही चूक नाही. गॅलरीभर स्टोव्ह एकेक करून बंद झाले. बिराजदार बाहेर आले. त्यांनी आधी त्या लाखेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी आमच्या दारात उभी होते, दोन्ही हात मोकळे. मी ते त्यांना दाखवले. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांनी ती खोली कधी मागितली नाही. पुढं ती ज्यांना मिळाली त्यांनी वर्षाच्या आत बदलून घेतली.

या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली. मी गणिताची शिक्षिका झाले, चांगली शिक्षिका, पण कडक. मुलं एकमेकांच्या वतीनं हजेरी देत तेव्हा मी इतकी चिडायचे की ती घाबरून जात. का, ते त्यांना कधी कळलं नाही. नवरा म्हणतो की दुपारी खुर्चीत डुलकी लागली की माझी बोटं काहीतरी करत असतात.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले. आता ते यंत्रावर असतं. काचेवर अंगठा ठेवायचा, यंत्रानं ओळखला की आपण जिवंत. मी डावा ठेवला. लाल दिवा लागला. उजवा ठेवला, लाल. यंत्रावरच्या पोरानं माझी दहाही बोटं पुसून पुसून लावून बघितली. मग त्यानं माझा हात उजेडात धरला. तो सोलापूरचा होता, त्यानं असे हात पाहिलेले असणार.

"येत न्हाई मावशी. रेघाच ऱ्हायल्या न्हाईत, सगळ्या झिजल्यात. ही एक चीर तेवढी दिसालीय," तो म्हणाला. "विड्या वळता काय तुम्ही?"

उभ्या जन्मात मी एक विडी वळलेली नाही. मी शाळेत शिकवत होते, कागदपत्रं पिशवीत आहेत, ते त्याला सांगायला मी तोंड उघडलं. आधी एक कोरडा खोकला आला. मग घसा साफ केल्यासारखा एक.

"हो," मी म्हणाले. "अकरा नंबरला."